डोईफोडियाचा आहेर

आमच्या बुऱ्हाणपूरकडे लग्नाची शूटिंग बघायला बसलं की लोक मंगलाष्टकं पुढे पळवतात. नवरा-नवरी काय, घरचीच माणसं. बघायचा असतो तो आहेर. स्टेजवर कोण चढलं, कोणी कोणाला काय नेसवलं, माईकवर नाव पुकारताना 'श्रीमान' लावलं की नुसतंच उरकलं, हे सगळं शेंगदाणे खात, मागे-पुढे करत बघितलं जातं. ज्याचा आहेर शूटिंगमध्ये दिसला नाही तो लग्नाला आलाच नाही, असा इकडचा कायदा आहे. फोटो असला तरी चालत नाही. उलट फोटो असेल आणि शूटिंग नसेल तर जास्तच पंचाईत, कारण मग अर्थ एकच निघतो: मुद्दाम कापलं.

लीलाधर पाटील हा कायदा कोळून प्यालेले. बुऱ्हाणपूरच्या इतवारा भागात त्यांचं शूटिंगचं छोटं दुकान. आहेर सुरू झाला की ते आपला जुना हँडीकॅम स्टँडवर लावत, अख्खं स्टेज त्यात बसवत, बटण दाबत आणि पंगतीला जाऊन निवांत जेवत. परत येईपर्यंत हँडीकॅम बिचारा इमानेइतबारे चालू. एवढ्या वर्षांत कोणाचा आहेर सुटला नाही, आणि लीलाधररावांचं जेवणही कधी सुटलं नाही.

पण हँडीकॅम म्हातारा झाला. चित्र पिवळं पडू लागलं, आणि गिऱ्हाइकं म्हणू लागली, "ते मागचं धूसर दिसते ना, तसलं पाहिजे." तेव्हा लीलाधररावांनी आपल्या शालकाला बोलावलं.

शालक म्हणजे जीवन. रंजितावहिनीचा धाकटा भाऊ, शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. घरात मोबाइल घ्यायचा असो की टीव्ही, जीवनला विचारल्याशिवाय पान हलत नसे. तासन् तास तो कॅमेऱ्यांची परीक्षणं ऐकत बसायचा, कारण त्याला स्वतःला एक फिल्म करायची होती. पॉवरलूमवर काम करणाऱ्या माणसांवर. दोन वर्षं तो ती मनातल्या मनात बनवत होता, आणि मनातल्या फिल्मला चांगला कॅमेरा लागतो.

"मले त्यातलं काही समजत नही," लीलाधरराव म्हणाले. "दोनच गोष्टी पाहिजे. आहेर चालू असला तं कॅमेरा बंद नही पडला पाहिजे. अन् आवाज साफ आला पाहिजे. बाकी तू सांगशीन तो घेऊ."

"दाजी, टेन्शन मत लो," जीवन म्हणाला.

आता या दोन गोष्टी ज्याला हव्यात त्याने काय घ्यावं हे जीवनला पाठ होतं. नवा हँडीकॅम. दिसायला साधा, पण सांगाल तेवढा वेळ चालणारा. डीएसएलआर मुळात फोटोचा कॅमेरा. त्यावर व्हिडिओ झकास येतो, मागचं धूसर होतं, चेहरा उठून दिसतो, पण तो अर्ध्या तासाला आपोआप बंद होतो. बिघाड नव्हे, बनवणाऱ्यांनीच तशी मर्यादा घातलेली. पुन्हा बटण दाबलं की पुन्हा अर्धा तास. फिल्मवाल्याला काही फरक पडत नाही, त्याचा एक शॉट मिनिटभराचा. आहेरवाल्याला पडतो.

आणि जीवनला डीएसएलआर हवा होता. स्वतःसाठी. दाजींच्या दुकानात तो आला की आठवड्यातले चार दिवस आपलाच.

दोघं इंदूरला गेले. काउंटरवर दोन्ही कॅमेरे शेजारी-शेजारी मांडलेले होते. लीलाधररावांनी डीएसएलआर डोळ्याला लावला आणि लहान मुलासारखे दुकानाच्या दारात जाऊन रस्त्यावरची माणसं बघू लागले. तेवढ्यात काउंटरवरचा माणूस जीवनला म्हणाला, "भैया, शादी में लंबी रेकॉर्डिंग करते हो तो एक बात ध्यान रखना, ये वाला..."

"पता है," जीवन म्हणाला. "वो हम देख लेंगे."

झालं. एवढंच. दाजी दारातून वळून म्हणाले, "जीवन, अरे मागचं खरंच धूसर होते रे." जीवन हसला. गाडीत बसल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं. गाडीत दाजी कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेऊन झोपले. घरी गेल्यावर सांगू म्हटलं, तर ताईने पेटीला हळद-कुंकू लावलं. पहिल्या लग्नाआधी सांगू म्हटलं, तर शाळेत परीक्षा निघाल्या. आणि खरं सांगायचं तर परीक्षा नसत्या तरी त्याने सांगितलं नसतं. सांगितलं की दाजी तो कॅमेरा परत करून हँडीकॅम आणणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लबाडी करणाऱ्याला मुहूर्त सापडत नाही, तो असा.

पहिलं मोठं लग्न लागलं ते बहादरपूरच्या तृप्तीचं. तृप्तीची आई मालूबाई लीलाधररावांची मानलेली बहीण, म्हणून ते तिला आक्का म्हणत. या लग्नाकडे सगळ्या बहादरपूरचे डोळे लागले होते, आणि त्याचं कारण नवरा-नवरी नव्हतं. मालूबाईचा भाऊ चुडामण येतो की नाही, हे होतं.

चुडामणमामा डोईफोडिया गावचे. बहीण-भावाचं बोलणं कित्येक वर्षं बंद. मामांच्या मुलाच्या लग्नात मालूबाईला आणायला मुराळी गेला नव्हता. मामांनी फोन केला होता, "गाडी पाठवू का?" मालूबाई म्हणाली, "माहेरून बाईले न्यायले माणूस येते, फोन नही येत," आणि गेली नाही. बस, तेवढ्यावरून भांडण पेटलं. आता हसू येईल, पण ज्यांना हसू येतं त्यांनी आमच्याकडच्या बायकांसमोर हसून दाखवावं.

तृप्तीच्या लग्नाचं ठरलं तेव्हा मालूबाईनेच नमतं घेतलं. ती स्वतः डोईफोडियाला गेली, भावाच्या दारात बसून राहिली. आणि मामा आले. नुसते आले नाहीत, ट्रॅक्टर भरून गाव घेऊन आले. आहेराच्या वेळी नाव पुकारलं तसे पुढे होऊन त्यांनी बहिणीच्या खांद्यावर काठाचं लुगडं घातलं, आणि दोघं भर स्टेजवर एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. मांडवात डोळे पुसले नाहीत असं माणूस नव्हतं. त्यांच्यामागून डोईफोडियाचे सगळे एकेक करून चढले, कोणी टॉवेल-टोपी, कोणी साडी देऊन उतरले.

तेव्हा लीलाधरराव पंगतीत होते. आल्यावर बघतात तर कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा लाल ठिपका गायब. पोरांनी हात लावला असेल म्हणून त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मधे किती गेलं हे त्यांना कळलं नाही, आणि मिक्सिंगवाल्याने दोन तुकडे एकाला एक जोडून पेन ड्राइव्ह हातात दिला.

तो बघितला आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला. तृप्ती पहिल्या आखाजीला माहेरी आली होती, मामांना मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. टीव्हीला पेन ड्राइव्ह लागेना म्हणून लीलाधररावांनी जीवनलाही सोबत नेलं होतं. जेवणं अर्ध्यावर होती, ताटात आमरस होता, आणि जीवनच्या हातात रिमोट. मंगलाष्टकं रिवाजाप्रमाणे पळवली. आहेर आला. बहादरपूरच्या भाऊबंदांचा झाला. बायका सरसावून बसल्या, "आता डोईफोडिया येईन पाहा."

आले ते नेपानगरचे पाहुणे.

"मागे घे," चुडामणमामा म्हणाले. जीवनने मागे घेतलं. बहादरपूर, मग नेपानगर. "आणखी एकदा घे." पुन्हा बहादरपूर, पुन्हा नेपानगर. त्या दोहोंच्या मधे जे असायला हवं होतं ते कुठे गेलं हे त्या खोलीत एकट्या जीवनला कळलं होतं. त्याचे कान तापले. तोंड उघडावं असं वाटलं, आणि बाजूला बसलेल्या दाजींकडे बघून ते उघडलं नाही.

मामांनी ताटावरून हात उचलला. मालूबाईचा नवरा सुकलाल फटकळ तोंडाचा, त्याचं आणि मामांचं आधीपासूनच पटत नसे. मामांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग बहिणीकडे.

"मंडपवाल्याचा आहेर दिसते," ते म्हणाले, "अन् माह्या अख्ख्या गावाचा नही दिसत. माह्या लुगड्याची एवढी लाज वाटली का तुले, मालू?"

सुकलाल काहीतरी बोलायला गेला आणि त्याने ते आणखीनच बिघडवलं. मामांनी हात धुतले, चपला मागितल्या आणि निघून गेले. आखाजीच्या दिवशी, भरल्या ताटावरून.

"माह्याच हातून बंद पडला असन," लीलाधरराव कपाळावर हात मारून घेत म्हणाले. "आक्का, मीच जेवायले बसलो."

खाई त्याला खवखवे म्हणतात. जीवनला त्या दिवसापासून खवखवायला लागलं. शाळेत फळ्यासमोर उभं राहून तो शिकवायचं विसरायचा. ताईचा फोन यायचा, "तुझे दाजी दुकान उघडत नाहीत रे. नुसते बसून राहतात. म्हणतात, एका जेवणापायी मी बहिणीचं माहेर तोडलं." मालूबाई रोज दुकानात फोन करायची आणि एकच वाक्य म्हणायची, "भाऊ, तुम्ही त्याले समजावा." चूक एकाची, झुरणारे दोघे, आणि ज्याची चूक तो त्यांना धीर द्यायला जायचा. दाजींच्या शेजारी बसून "होऊन जाईल सब ठीक" म्हणताना त्याला स्वतःच्या आवाजाची घाण यायची.

शेवटी लीलाधररावांनी डोईफोडियाला जायचं ठरवलं. मोटारसायकल जीवनने चालवली; मागे दाजी, खांद्याला नेहमीची कॅमेरा-स्टँडची बॅग. रस्त्यात मागून दाजी म्हणाले, "मी काय सांगणार हाय माहीत हाय का? सांगीन, मी पिऊन व्हतो."

जीवनने गाडी बाजूला घेतली. "दाजी, तुम्ही थेंबसुद्धा घेत नाही."

"म्हणूनच तं. सुकलालने कापायले लावलं असं त्याच्या डोक्यात हाय. शूटिंगवालाच बेवडा निघाला तं सुकलालवरचं जाईन. मालूआक्काचं घर सांभाळलं जाईन. माह्यं काय, दोन-चार लग्नं जातीन."

दोन-चार नव्हती जाणार. बेवड्या शूटिंगवाल्याला इकडे कोणी मांडवाच्या बाहेरूनसुद्धा बोलावत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. जीवन गाडीच्या टाकीकडे बघत राहिला. आता सगळं सांगावं. दाजी, मला इंदूरलाच माहीत होतं, मला माझ्या फिल्मसाठी तो हवा होता. एवढीच वाक्यं होती. त्यातलं अर्धंच बाहेर आलं.

"असलं काही सांगू नका. कॅमेरा बॅगेत आहे ना? दाजी, हा कॅमेरा अर्ध्या तासाला आपोआप बंद होतो. त्याची बनावटच तशी आहे. मी नेटवर शोधलं."

लीलाधरराव गाडीवरून उतरून त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. "कधी शोधलं?"

"काल."

दाजींनी दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मंग माह्यावाली चूक नही?"

"नाही, दाजी. तुमची नाही," जीवन म्हणाला. त्यात तरी खोटं नव्हतं.

चुडामणमामा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी बसा म्हटलं नाही. लीलाधररावांनी हात जोडून सांगितलं ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मशीन आपोआप बंद पडते. अन् बरोबर डोईफोडियावरच बंद पडते. मी काय कालचा जन्मलो?"

"मामा, लावून बघा," जीवन म्हणाला. "इथंच लावतो. कोणी हात लावायचा नाही. बंद पडला नाही तर आम्ही जातो."

मामांनी विचार केला. मग त्यांनी स्वतः उठून पऱ्हाटीच्या ढिगाजवळची जागा दाखवली, स्टँड तिथे लावायला सांगितलं, आणि कॅमेऱ्यापासून सगळ्यांना चार पावलं लांब बसवलं. मामी, सुना, शेजारची दोन-तीन माणसं, सगळी येऊन बसली. जीवनने बटण दाबलं. लाल ठिपका लागला.

नुसतं बसून अर्धा तास काढणं सोपं नाही, त्यातून समोर कॅमेरा असल्यावर. मामा आधी फोटोला बसल्यासारखे ताठ बसले. मग विचारलं, "आवाजबी येते का यात?" हो म्हटल्यावर त्यांनी तोंड मिटलं. पण माणूस किती वेळ गप्प बसेल? हळूहळू बोलू लागले. कोणाशी, ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं. थोडं मामीशी, थोडं त्या काळ्या काचेशी. मालू लहान असताना नदीला पूर आला की तिला खांद्यावर घेऊन पलीकडे कोण नेत होतं. मुराळी पाठवायला माणूस नव्हता असं नाही, मुलगा हट्टाला पेटला की फोन करा, जमाना बदलला. स्वतः जायला पाहिजे होतं. लग्नाच्या आधी ती दारात येऊन बसली, तेव्हाही तिला पाणी विचारायला त्यांनी वेळ लावला. हे सांगताना मामांनी मान खाली घातली, आणि मामी पदराने डोळे टिपत राहिली.

जीवन त्या लाल ठिपक्याकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा बंद पडावा म्हणून तो देवाचं नाव घेत होता. आणि त्याच वेळी त्याला दिसत होतं की हा सगळा खेळ, हे म्हाताऱ्याचं रडणं, ही बसलेली माणसं, दाजींचे घट्ट जोडलेले हात, हे सगळं इंदूरच्या त्या काउंटरवर त्याने एका माणसाला पुढे बोलू दिलं नाही म्हणून आहे. त्याला लाज वाटत होती. नुसती लाज नाही, स्वतःचा राग येत होता.

ठिपका गेला.

मामा उठले. कॅमेऱ्याजवळ जाऊन वाकून बघितलं, चारी बाजूंनी फिरले. कोणी हललं नव्हतं. त्यांनी स्वतःच सगळ्यांना लांब बसवलं होतं. मग वळून त्यांनी जीवनकडे बघितलं. शेतकऱ्याची नजर, बैल घेताना दात बघणारी.

"काय रे," ते म्हणाले, "कॅमेरा तूच निवडून देल्ला व्हता ना? तुले हे आधी माहीत नव्हतं?"

जीवनने दाजींकडे बघितलं. आता हो म्हणायचं. मामांनी दार उघडून दिलं होतं, नुसतं आत पाऊल टाकायचं होतं.

"त्याले कुठून माहीत असन, मामा?" लीलाधरराव म्हणाले. त्यांना या प्रश्नाचा जरा रागच आला होता. "माहीत असतं तं त्याने मले सांगितलं नसतं का?"

मामांनी मान हलवली. पटलं त्यांना. न पटायला काय झालं, साधा हिशेब होता. त्यांनी सुनेकडून फोन मागितला, नंबर लावायला सांगितला आणि कानाला लावला.

"मालू, मी चुकलो व माय," ते म्हणाले. एवढं एकच वाक्य, भर अंगणात, सुनांसमोर आणि शेजाऱ्यांसमोर. "तुह्यावर संशय घेतला. उद्या मी सोता येतो तुले न्यायले. मुराळी म्हणून."

पलीकडून रडण्याचा आवाज इकडे सगळ्यांना ऐकू आला. मामाही रडत होते आणि हसत होते. मग लीलाधररावांनी फोन घेतला. "आक्का, माह्यं काहीच नही यात. जीवनने शोधून काढलं. हाव, आपला जीवन. थांब, त्याच्याजवळच देतो."

त्यांनी फोन जीवनच्या कानाला लावला. लावला म्हणजे स्वतःच्या हाताने धरून, कौतुकाने, दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवून.

"बेटा," मालूबाईचा आवाज रडून घोगरा झाला होता. "तू माह्यं माहेर परत देल्लं रे. तुह्या आईने काय पुण्य केलं व्हतं. देव तुले काही कमी पडू नही देणार, पाहून घेजो."

दाजींचा हात पाठीवर होता.

"हो, मावशी," जीवन म्हणाला.